कॅथर नक्की कशाने संपले? तलवारीने की दप्तराने?

दप्तरदार:
दक्षिण फ्रान्समधल्या कॅथर पंथाचा विषय निघाला की गाडी हमखास बेझिएपाशी येऊन थांबते. २२ जुलै १२०९ ला क्रूसेडचं सैन्य शहरात घुसलं, कत्तल झाली, आणि मग ते प्रसिद्ध वाक्य: सगळ्यांना मारा, आपली माणसं कोण ते देव बघून घेईल. हे वाक्य बहुधा कुणी बोललंच नाही. हाइस्टरबाखच्या सिझेरियस या जर्मन मठवाशानं ते काही वर्षांनी, तेही ऐकीव म्हणून, लिहून ठेवलंय. पोपचा प्रतिनिधी आर्नो आमाल्रिक याचं स्वतःचं पत्र मात्र आहे. जवळजवळ वीस हजार मारले, हुद्दा, वय, बाई, पुरुष काही पाहिलं नाही, असं तो पोपला कळवतो. आकडा फुगवलेला असणार. पण फुगवून कळवावासा वाटला, यात काय ते आलं.

मला कत्तलीपेक्षा तिच्या आधीची एक गोष्ट जास्त छळते. शहराचा बिशप आत यादी घेऊन आला होता. पाखंडी ठरवलेल्यांची दोनशेच्या वर नावं, आणि ही यादी आजही शिल्लक आहे. ही माणसं हवाली करा, नाहीतर त्यांना मागे सोडून तुम्ही तरी बाहेर पडा, असं तो म्हणाला. शहरातले बहुसंख्य लोक कॅथलिक. तरी त्यांनी साफ नकार दिला.

आता १२४५ मध्ये या. तुलूझ शहर. बेर्नार द को आणि जाँ द सें-पिएर हे दोन डोमिनिकन साधू, इन्क्विझिटर म्हणजे पाखंड शोधून काढणारे चर्चचे चौकशी-अधिकारी, लोरागे भागातल्या गावोगावच्या लोकांना बोलावणं धाडतात. चौदा वर्षांवरचे सगळे पुरुष, बारावरच्या सगळ्या बायका. दीडेक वर्षात पाच हजारांहून जास्त लोक येऊन जबाब देतात, आणि नावं सांगतात. शेजारणीचं, मावशीचं, स्वतःच्या आईचं.

छत्तीस वर्षांत असं काय झालं? माझं मत असं की लढाईनं कॅथर संपले नाहीत. ते संपले कारकुनीनं. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_काकू:
आधी हे कॅथर म्हणजे कोण ते सांगा की. धागा असा काढलाय जणू आम्ही सगळे लहानपणी त्या दक्षिण फ्रान्सात, लांगदॉकला, मामाकडे जायचो.

मृण्मयी_एम:
काकू, थोडक्यात सांगते. दोन तत्त्वं मानायचे. चांगला देव आत्म्याचा, आणि हे दिसणारं जग, शरीर वगैरे वाईटाची करणी. त्यामुळे येशू खरा मांसाचा माणूस होता हे त्यांना पटत नसे, क्रूसाला मान नाही, बाप्तिस्म्याच्या पाण्याला अर्थ नाही. आत्मा एका शरीरातून दुसऱ्यात भटकतो, जनावरातसुद्धा जातो, हीही समजूत होती. त्यांच्यातले दीक्षा घेतलेले स्त्री-पुरुष म्हणजे 'भले लोक'. ते मांस, अंडी, दूध खात नसत, शपथ घेत नसत, कुणाला मारत नसत, ब्रह्मचर्य पाळत. बाकी साधे अनुयायी आपला संसार करायचे आणि मरायला टेकले की डोक्यावर हात ठेवून दीक्षा घ्यायचे. तिला कोन्सोलामेंतुम म्हणत.

मासे मात्र चालायचे. मासा पाण्यातून आपोआप उपजतो, नर-मादीच्या संगातून नाही, अशी तेव्हाची समजूत.

म्हापशेकार:
मासे खाऊन शाकाहारी? हे लोक आमचेच. कुणी उगाच युरोपात शोधत बसू नका.

शेंगदाणा:
पुनर्जन्म, अहिंसा, मांस वर्ज्य. हे सरळ सरळ भारतातून गेलेलं दिसतंय. जैन नाहीतर बौद्ध. यावर कुणी का बोलत नाही?

मृण्मयी_एम:
कारण पुरावा नाही, शेंगदाणा. बल्गेरियातल्या बोगोमिल पंथाशी नातं दाखवता येतं, तेही किती घट्ट यावर अभ्यासक भांडतात. त्याच्या पूर्वेला धागा ताणला की तुटतो.

निवांत:
वाचतोय. खुर्ची धरून ठेवली आहे.

सातारी_तडका:
दप्तरदार, तुमचं शीर्षक झकास, पण निष्कर्ष उलटा आहे. तलवारीनं वाट केली नसती तर तुमच्या कारकुनांना तुलूझमध्ये बसायला घोंगडीसुद्धा कुणी दिली नसती.

क्रम बघा. जानेवारी १२०८ मध्ये पोपचा दूत पिएर द कास्तेलनो ऱ्होन नदीकाठी मारला गेला. संशय तुलूझचा काउंट सहावा रेमाँ याच्यावर. पोप तिसऱ्या इनोसंटनं क्रूसेड पुकारलं, ख्रिश्चनांच्याच मुलखावर. बेझिएनंतर महिनाभरात कार्कासॉन पडलं, तिथला चोविशीतला व्हायकाउंट त्रांकावेल कैदेत मेला. मुलूख क्रूसेडचा सेनापती सिमाँ द माँफोर याच्या हातात. १२१० मध्ये मिनेर्व्ह इथं १४० भल्या लोकांना जाळलं. ब्राममध्ये शंभरेक कैद्यांचे डोळे काढले, एकाचा एक डोळा ठेवला, बाकीच्यांना पुढच्या किल्ल्यापर्यंत वाट दाखवायला. १२११ मध्ये लाव्होर: किल्ल्याची मालकीण जिरोद हिला विहिरीत टाकून वरून दगड लोटले, आणि तीनशेच्या वर लोक एका वेळी जाळले.

मग १२१३ ची म्युरेची लढाई. आरागॉनचा राजा दुसरा पेद्रो तिथं पडला. हा स्वतः पक्का कॅथलिक, वर्षभरापूर्वीच स्पेनमध्ये मुसलमान सैन्याविरुद्ध लढून नाव कमावलेला. तो मेला आणि दक्षिणेची पाठराखण करणारा कुणी उरला नाही. माँफोर १२१८ मध्ये तुलूझच्या वेढ्यात दगड लागून मेला. तो दगड फेकणारं यंत्र शहरातल्या बायका चालवत होत्या म्हणतात. तरी शेवटी फ्रान्सचा राजा उतरला आणि १२२९ च्या पॅरिस तहात सातव्या रेमाँनं मान तुकवली. मुलगी राजाच्या भावाला दिली, म्हणजे मुलूखच दिला.

आणि तुमचं इन्क्विझिशन कधीचं? १२३३ च्या पुढचं. वीस वर्षं मुलूख जाळल्यावर कारकून आले. आता बोला.

खवचट_काकू:
डोळे काढून वाट दाखवायला एक ठेवला. जेवताना वाचत होते. ताट सरकवलं बाजूला.

वकीलसाहेब:
सातारी, घटनाक्रम बरोबर. पण वीस वर्षं जाळूनही पंथ होताच ना? १२२९ मध्ये भले लोक गावात राहत होते, फक्त आता लपून. लढाईनं सरदार मोडले, घराघरातली श्रद्धा नाही. दप्तरदारांचा मुद्दा तिथं सुरू होतो.

मला यातली कायद्याची बाजू जास्त लागते. ११९९ मध्येच इनोसंटनं पाखंड म्हणजे राजद्रोह असं ठरवून टाकलं होतं. राजद्रोह म्हटलं की मालमत्ता जप्त. म्हणजे बापाच्या श्रद्धेपायी पोराचं घर जाणार, पोर स्वतः कितीही कॅथलिक असो. नंतर जी चौकशीची पद्धत बसली ती तर वकिलाच्या अंगावर काटा आणणारी. साक्षीदार कोण ते आरोपीला सांगायचं नाही. आरोपीला एवढीच मुभा की आपल्या वैऱ्यांची नावं आधी सांगावीत. त्यातलं एखादं साक्षीदाराशी जुळलं तर ती साक्ष बाद. म्हणजे अंधारात बसून अंदाज करायचा, गावात कोण आपल्यावर जळतं. १२५२ मध्ये पोप चौथ्या इनोसंटनं छळाला परवानगी दिली, पण त्याच्या आधीच यंत्र पुरेसं चाललं होतं.

आणि दयेची मुदत! इन्क्विझिटर आले की काही दिवस जाहीर करायचे. त्या मुदतीत स्वतःहून येऊन कबूल करा, शिक्षा सौम्य. अट एकच, सगळं सांगायचं. 'सगळं' यात दुसऱ्यांची नावं आली.

दप्तरदार:
वकीलसाहेबांनी माझं काम केलं. प्रश्न कसे असत ते बघा, कारण जोर त्यातच आहे. तू काय मानतोस हे फारसं विचारतच नाहीत. पाखंड्यांना पाहिलंस का? कुठे? कुणाच्या घरी? तेव्हा आणखी कोण होतं? त्यांच्यापुढे तीनदा गुडघे टेकलेस का? त्यांनी आशीर्वाद दिलेली भाकरी खाल्लीस? त्यांना काही दिलंस, त्यांच्याकडून काही घेतलंस? त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवलंस? कधीची गोष्ट?

एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहायचं. दहा वर्षांपूर्वीचा जबाब काढून आजच्याशी लावायचा. आधी शपथेवर नाकारलं आणि आता दुसऱ्यानं नाव घेतलं, की खोटी शपथ. एकदा सोडून दिलेला पुन्हा सापडला, की थेट चिता. बेझिएमध्ये अख्ख्या शहराला एक प्रश्न विचारला होता, तो शहरानं मिळून फेटाळला. इथं प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारतात, आणि शेजारी काल काय बोलून गेला हे त्याला ठाऊक नाही.

लोकांना याची धास्ती कळत होती. १२४२ मध्ये आव्हिन्योने इथं माँसेग्युर या कॅथरांना आसरा देणाऱ्या किल्ल्यावरून आलेल्या सरदारांनी दोन इन्क्विझिटर आणि त्यांची माणसं मारली, तेव्हा दप्तरही नष्ट केलं. पुढे १२८० च्या दशकात कार्कासॉनमध्ये इन्क्विझिशनच्या वह्या चोरायचा कट झाला. पैसे चोरायचा नव्हे, वह्या.

तुलूझकर:
उशिरा आलो, कामावर होतो (होय, विमानंच बनवतो, गावात दुसरं काय करणार).

ज्या आव्हिन्योनेचा उल्लेख झाला त्याचा सूड म्हणजे माँसेग्युर. किल्ला १,२०७ मीटर उंच सुळक्यावर. पायथ्याच्या कुरणापासून चढ अर्ध्या-पाऊण तासाचा, पण झाडी संपली की दगड गुळगुळीत, पाऊस असेल तर घसरगुंडी. वेढा मे १२४३ पासून मार्च १२४४ पर्यंत चालला. शरणागतीच्या अटी अशा की सैनिकांना माफी, आणि भल्या लोकांपैकी जो श्रद्धा सोडेल तो मोकळा. दोन आठवड्यांची सवड मिळाली. त्या सवडीत विसेक जणांनी उलट दीक्षा घेतली. त्यात काही पगारी शिपाई होते, जे हात हलवत खाली उतरून घरी जाऊ शकले असते. किल्लेदार रेमाँ द पेरेयची बायको कोर्बा आणि मुलगी एस्क्लार्माँद यांनीही. १६ मार्चला दोनशेच्या वर माणसं जाळली.

पायथ्याशी १९६० मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, ऑक्सितान या इथल्या जुन्या भाषेत मजकूर. वर जे भग्नावशेष दिसतात ते मात्र कॅथरांचे नाहीत, नंतर आलेल्या फ्रेंच मालकानं बांधलेल्या किल्ल्याचे. ग्रेल, म्हणजे येशूचा तो दंतकथेतला प्याला, शोधणारे लोक तरी त्यातल्या खिडक्यांमधून सूर्यकिरण मोजत बसतात. आणखी गंमत सांगतो. इथं महामार्गावर 'कॅथर प्रदेश' अशी पाटी लागते आणि दुकानात 'कॅथर क्रॉस'ची किचेन मिळते. तो क्रॉस तुलूझच्या काउंटांचं चिन्ह. कॅथरांना क्रॉसचा तिटकारा.

शेंगदाणा:
ग्रेल तिथं लपवला होता असं मी एका व्हिडिओत पाहिलं.

खवचट_काकू:
शेंगदाणा, तुम्ही व्हिडिओ बघणं थांबवा, आम्ही वर्गणी काढून पुस्तकं पाठवतो.

निवांत:
खुर्ची सोडून बोलतो. कॅथर नावाचं चर्च होतं हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. मार्क पेग, आर. आय. मूर वगैरे इतिहासकार म्हणतात की हे बरंचसं पाद्र्यांच्या डोक्यातलं आहे. गावात काही सज्जन माणसं होती, लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे, तो तिथला शिष्टाचार. विद्वान पाद्र्यांनी प्राचीन ग्रंथांत द्वैतवाद्यांबद्दल वाचलं होतं, तो साचा यांच्यावर बसवला. आणि प्रश्न ठरावीक, म्हणून उत्तरंही ठरावीक. दप्तरदार, तुमच्या दप्तरानं पंथ मारला नाही, जन्माला घातला!

मृण्मयी_एम:
निम्मं पटतं. गावातल्या लोकांना कॅथर हे नाव माहीतच नव्हतं हे खरंय. पण इटलीचा रेनिए साक्कोनी? तो स्वतः कित्येक वर्षं त्यांच्यात होता, मग डोमिनिकन झाला आणि १२५० मध्ये त्यांच्या चर्चांची माहिती लिहिली. शिवाय त्यांच्याच बाजूचा 'दोन तत्त्वांचा ग्रंथ' हस्तलिखितात उरलाय. पाद्र्यांनी सगळंच रचलं म्हणायचं तर तो ग्रंथ कुणी लिहिला?

निवांत:
तो इटलीतला. मी लांगदॉकच्या शेतकऱ्याबद्दल बोलतोय.

मृण्मयी_एम:
शेतकऱ्याकडे ग्रंथ नसतो म्हणून श्रद्धा नसते असं नाही ना! १३२० च्या आसपासचे माँतायू गावचे जबाब वाचा. पामिएचा बिशप जाक फुर्निए (हाच १३३४ मध्ये पोप बारावा बेनेडिक्ट झाला) याला साच्यातली उत्तरं नको असत. हा माणूस खोदत बसायचा. त्यामुळे त्याच्या वहीत बायका उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढताहेत, आणि उवा काढता काढता भल्या लोकांबद्दल बोलताहेत, असंही आलंय. गावचा कॅथलिक पाद्री पिएर क्लेर्ग आतून कॅथरांचा आणि बाहेरून इन्क्विझिशनचा माणूस, वर गावातल्या निम्म्या बायकांशी लफडी. बेआत्रिस द प्लानिसोल ही सरदाराची विधवा त्यातलीच एक. तिच्या पिशवीत नातवंडांची नाळ सापडली, त्याचाही जबाब आहे. हे काही इन्क्विझिटरच्या कल्पनेतून येणार नाही.

सातारी_तडका:
पाद्रीसाहेब भारीच की!

म्हापशेकार:
गंभीर बोलतो. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं ते याच घराण्यातलं, पण चुलत शाखेतलं. लांगदॉकमध्ये पोपचे फ्रायर, म्हणजे डोमिनिकनांसारखे साधू, होते, आमच्याकडे पोर्तुगीज राजाच्या छत्राखालचं न्यायालय. पकडलेले मुख्यतः बाटलेले ज्यू आणि बाटलेले हिंदू, जुने रिवाज चोरून पाळतात म्हणून. लोक त्या इमारतीला व्हडलें घर म्हणत. साक्षीदाराचं नाव गुप्त, जप्ती, जाहीर शिक्षेचा सोहळा, हे सगळं वकीलसाहेबांनी वर सांगितलं तेच. १८१२ मध्ये बंद झालं आणि गोव्यातले बहुतेक खटल्यांचे कागद नष्ट झाले. म्हणून आमच्याकडे माँतायूसारखं गाव उभं करता येत नाही. कोण काय बोललं ते गेलं.

शेंगदाणा:
म्हणजे आजच्या राजकारणातही

संपादक:
शेंगदाणा, नको. प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. धागा तेराव्या-चौदाव्या शतकातच राहू द्या.

वकीलसाहेब:
वही माणसाला काय करायला लावते याचा नमुना हवा असेल तर बेलिबास्तची गोष्ट. लांगदॉकमधला शेवटचा ज्ञात भला माणूस. भला म्हणजे तसा यथातथाच, तारुण्यात एका मेंढपाळाचा खून केलेला. पळून पिरेनीजपलीकडे राहत होता. घरी रेमोंद नावाची बाई. तिला दिवस गेले तेव्हा ब्रह्मचर्याची अब्रू राखायला त्यानं तिचं लग्न पिएर मोरी या भोळ्या मेंढपाळाशी लावलं आणि थोड्याच दिवसांत मोडलंही.

त्याच्याकडे आर्नो सिक्र नावाचा तरुण आला. आपली आई सिबिल बाय पंथासाठी जळाली, मीही तुमचाच, म्हणाला. आई जळाली हे खरं होतं. पण पोरगा फुर्निएचा हेर. आईचं आक्स गावातलं जप्त झालेलं घर परत हवं होतं. त्यानं बेलिबास्तला गोड बोलून सरहद्दीच्या अलीकडे आणलं. १३२१ मध्ये व्हिलरूज-तेर्मेनेसला बेलिबास्तला जाळलं. सिक्रला बक्षीस मिळालं.

खवचट_काकू:
आईला ज्यांनी जाळलं त्यांच्याकडूनच आईचं घर मागितलं. कपाळ.

सातारी_तडका:
ठीक. पण लोकांनी मेलेल्यांची नावं का नाही सांगितली? मी असतो तर गावातले सगळे स्वर्गवासी पुढे केले असते. त्यांचं कोण काय वाकडं करणार?

दप्तरदार:
सांगायचे! पुष्कळांनी तेच केलं. पण इन्क्विझिटर मेलेल्यांवरही खटला चालवत. गियोम पेलिसों या तुलूझच्याच डोमिनिकननं लिहून ठेवलंय: हाडं उकरून काढायची, शहरभर ओढत न्यायची, 'जो असं करील तो असा मरेल' अशी दवंडी, मग जाळायची. हाच पेलिसों सांगतो की १२३४ मध्ये संत डोमिनिकच्या सणादिवशी एका मरणासन्न म्हातारीला बिशपनं, आपलाच कॅथर गुरू आलाय असं तिला वाटू देऊन, कबूल करायला लावलं आणि खाटेसकट उचलून नेऊन जाळलं. मग मंडळी परत येऊन देवाचे आभार मानून जेवायला बसली. तो हे अभिमानानं लिहितो.

वकीलसाहेब:
आणि मेलेला दोषी ठरला की मालमत्ता वारसांकडून जाते. तेव्हा सातारी, तुमचे स्वर्गवासी पुढे केले असतेत तर त्यांची नातवंडं रस्त्यावर आली असती.

निवांत:
पण मग हजारो जाळले असतील?

वकीलसाहेब:
नाही, तेच तर. १२४५-४६ च्या चौकशीतल्या ज्या शिक्षा माहीत आहेत त्या बहुतेक कपड्यांवर पिवळे क्रॉस शिवून फिरायच्या, थोड्या कैदेच्या. पुढचा तुलूझचा इन्क्विझिटर बेर्नार गी याच्या सहाशेच्या वर शिक्षांपैकी जिवंत जाळायला दिलेले चाळीसच्या आसपास. फुर्निएनं पामिएत पाच, त्यातले चार तर वाल्देन्सियन, म्हणजे वेगळ्याच पंथाचे. पिवळा क्रॉस लावलेल्याला काम कोण देणार, मुलगी कोण देणार? जाळण्याची गरज क्वचित पडे.

सातारी_तडका:
बरं, असं म्हणतो. १२२९ पर्यंत तलवार, पुढे तुमची वही. पण आधीच्या तलवारीशिवाय वही नाही, यावर मी ठाम. बेझिएकरांना नकार देता आला कारण त्यांच्यामागे तट होते आणि तटामागे त्रांकावेल. १२४५ च्या शेतकऱ्यामागे कोण होतं?

दप्तरदार:
तेवढं मान्य. शीर्षक बदलणार नाही.

मृण्मयी_एम:
दोघांनी एक वगळलं. फ्रान्सिस्कन! गरिबीत राहणारा, अनवाणी फिरणारा, साधं बोलणारा साधू आता चर्चच्या आतच मिळू लागला. आधी त्यासाठी भल्या माणसाकडे जावं लागे. आणि गंमत म्हणजे कार्कासॉनच्या इन्क्विझिशनवर सगळ्यात जास्त तुटून पडला तोही एक फ्रान्सिस्कनच, बेर्नार देलिसिए. सध्याच्या पद्धतीनं चौकशी केली तर संत पीटर आणि संत पॉलनाही निर्दोष सुटता येणार नाही, असं तो म्हणाल्याचं त्याच्याच खटल्यात आलंय. १३०३ मध्ये लोकांनी कार्कासॉनच्या तुरुंगातून कैदी बाहेर काढले ते त्याच्या चिथावणीनं. शेवटी १३२० मध्ये तो कैदेतच मेला.

तुलूझकर:
कुणाला ती १२४५ ची वही बघायची असेल तर: मूळ जबाब हरवलेत, त्यांची १२६० च्या सुमाराची कागदावरची प्रत इथल्या महापालिकेच्या ग्रंथालयात आहे, हस्तलिखित क्रमांक ६०९. जिथं जबाब घेतले तो सें-सेर्नेंचा मठ मात्र एकोणिसाव्या शतकात पाडला, फक्त चर्च उभं आहे. माझ्या ऑफिसच्या बसमधून मनोरा दिसतो.

खवचट_काकू:
लॅटिन असणार. दप्तरदार, तुम्ही भाषांतर करून टाका इथं, पाच हजारच जबाब आहेत म्हणताय ना.

दप्तरदार:
काकू, रोज एक टाकला तरी चौदा-पंधरा वर्षं लागतील. संपादकांना विचारा, चालेल का.

संपादक:
वेगळा धागा काढा.